स्वर्गांतील युद्ध आणि त्याचा उत्तरभाग

एखादी कथा लोकांच्या मनांत भरली म्हणजे तिच्या पुढील भागाची मागणी आपोआप होते. आणि तो भाग हातीं आला म्हणजे पहिल्याच्या मानानें तो उणा आहे, असा निकालहि बहुधा तितक्याच तत्परतेनें दिला जातो. ग्रंथ असो, नाटक असो कीं चित्रपट असो, उत्तरभागाच्या नशिबीं हें यावयाचेंच. परंतु ज्या कथेचा विषय स्वर्गांतील देवदूतांचें युद्ध हा आहे, तिच्या उत्तरभागाविषयींच्या लोकमताला कांहीं निराळें महत्त्व आहे. ही कथा दोन हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. तिला वेळोवेळीं नवे भाग जोडले गेले आहेत. आणि प्रत्येक वेळीं ऐकणारांनीं, वाचणारांनीं व पाहणारांनीं तिचा न्याय केला आहे. त्या न्यायाचा इतिहास ध्यानीं घेतला म्हणजे थोडक्या पैशांत काढलेल्या एका अमेरिकन चित्रपटाविषयींच्या तक्रारींतहि एक फार जुना प्रश्न दडलेला आहे, असें दिसून येतें.

तो चित्रपट म्हणजे 'द प्रॉफेसी', अर्थात् 'भविष्यवाणी', या नांवाच्या मालिकेचा दुसरा भाग. पहिला भाग १९९५ सालीं निघाला. ग्रेगरी वायडन यांनीं तो लिहिला आणि दिग्दर्शितहि केला. त्यांतील कल्पना अशी कीं, ईश्वरानें मातीच्या माणसाला आत्मा दिला व देवदूतांपेक्षांहि त्याला जवळ केलें, हें कांहीं देवदूतांना सहन झालें नाहीं. त्यांनीं स्वर्गांत दुसरें युद्ध आरंभिलें आणि गब्रीएल हा त्यांचा पुढारी झाला. युद्धाचा निकाल लागेना, तेव्हां क्रौर्यांत देवदूतांनाहि मागें टाकील असा एखादा मानवी आत्मा आपल्या बाजूस असावा, या हेतूनें तो पृथ्वीवर उतरतो. कोरियाच्या युद्धांत अत्याचार केलेल्या एका मृत सेनाधिकाऱ्याचा आत्मा त्याला हवा असतो. त्याच्या वाटेंत उभा राहतो तो पूर्वीं धर्मोपदेशक होऊं पाहणारा, पण श्रद्धा गमावून पोलिसांत शिरलेला एक मनुष्य. हॉलीवूडच्या हिशेबानें हा खर्च लहानच; तरी चित्रपटाला अमेरिकेंत सुमारे १ कोटि ६० लक्ष डॉलरांचें उत्पन्न झालें. उत्तरभाग निघण्यास एवढें कारण पुरेसें होतें.

तो उत्तरभाग १९९८ सालीं आला. या वेळीं दिग्दर्शक ग्रेग स्पेन्स हे होते, आणि चित्रपट नाट्यगृहांत न लागतां एकदम घरीं पाहावयाच्या व्हिडिओ फितींच्या रूपानें बाहेर पडला. गब्रीएलची भूमिका पहिल्याप्रमाणेंच ख्रिस्तोफर वॉकेन या नटानें केली. कथा थोडक्यांत अशी: देवदूत व मानवी स्त्री यांच्या संबंधांतून एक मूल जन्मास येणार आहे, आणि त्याच्या योगानें या कलहाचा शेवट व्हावयाचा आहे. त्या मुलाची भावी माता व्हॅलेरी नांवाची एक परिचारिका आहे. तिला व तिच्या गर्भाला नाहींसें करण्यासाठीं गब्रीएल पुन्हां पृथ्वीवर येतो, आणि सगळा चित्रपट म्हणजे त्याचा पाठलाग होय. हीच मालिका पुढें २००० सालीं तिसऱ्या भागानें व २००५ सालीं आणखी दोन भागांनीं लांबली.

दुसऱ्या भागाविषयीं प्रेक्षकांचीं जीं मतें पडलीं, त्यांचे स्थूलमानानें चार प्रकार होतात. पहिली तक्रार द्रव्याची. नांव स्वर्गांतील युद्धाचें, आणि पडद्यावर दिसतात ते लांब कोट घातलेले पांचसात इसम, अंधाऱ्या गल्ल्या, आणि एदेनची बाग म्हणून दाखविलेला एक मोडकळीस आलेला कारखाना! दुसरी तक्रार कथानकाची. भावी वीराची माता ठार करावयास कोणी अमानुष मारेकरी यावा आणि तिचें रक्षण करावयास दुसरा कोणी धांवावा, हें १९८४ च्या 'टर्मिनेटर' या चित्रपटांत लोकांनीं अगोदरच पाहिलें होतें. तिसरी तक्रार श्रद्धेची. ज्या गब्रीएलनें मरियेला येशूच्या जन्माची वार्ता सांगितली, त्यालाच गर्भवतीच्या जिवावर उठलेला दाखवावें, हें भाविकाला खटकावें यांत नवल नाहीं. चौथें मत मात्र स्तुतीचें आहे, आणि पहिल्या तिन्ही तक्रारी करणारेहि त्यांत बहुधा सामील होतात: वॉकेनचा गब्रीएल पाहण्यासारखा आहे. आतां या चार मतांपैकीं कोणतें कितपत न्याय्य आहे, हें पाहावयाचें तर कथेच्या मुळाशीं गेलें पाहिजे.

ख्रिस्ती धर्मग्रंथांत स्वर्गांतील युद्धाचें वर्णन 'प्रकटीकरण' या शेवटच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत येतें. मीखाएल व त्याचे दूत एका महासर्पाशीं लढतात आणि सर्पाचा पक्ष पृथ्वीवर फेंकला जातो. सारें युद्ध तीन वचनांत आटोपलें आहे. कोण कसा लढला, शस्त्रें कोणतीं होतीं, युद्ध किती दिवस चाललें, यांपैकीं एकहि गोष्ट तेथें सांगितलेली नाहीं. पहिल्या चित्रपटांतील पात्रांना याच पुस्तकाचा तेविसावा अध्याय एका प्राचीन हस्तलिखितांत सांपडतो आणि त्यावरून त्यांना दुसऱ्या युद्धाची वार्ता कळते. वस्तुतः प्रकटीकरणाचे अध्याय बावीसच आहेत. इतकेंच नव्हे, तर या पुस्तकांत भर घालणारास कडक शासन होईल, असा इशारा त्या शेवटच्या अध्यायांतच दिलेला आहे. म्हणजे ज्या पुस्तकानें आपला उत्तरभाग स्पष्टपणें नाकारला, त्यालाच चित्रपटानें उत्तरभाग जोडला.

परंतु भर घालण्याचा हा उद्योग चित्रपटवाल्यांनीं आरंभिलेला नाहीं. यशयाच्या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायांत बाबेलच्या गर्विष्ठ राजाला उद्देशून, आकाशांतून पडलेल्या प्रभाततारकेची उपमा योजिली आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम यानें बायबलाचें लॅटिन भाषांतर हातीं घेतलें, त्यांत त्या तारकेला 'लूसिफर', म्हणजे प्रकाश आणणारा, हा शब्द पडला. पुढें राजा विसरला गेला आणि लूसिफर हें बंडखोर देवदूताचें विशेषनाम होऊन बसलें. एका राजाची निंदा आणि प्रकटीकरणांतील युद्ध, अशीं दोन निरनिराळ्या ठिकाणचीं वचनें श्रद्धाळू वाचकांनीं एकत्र शिवून त्यांची एक अखंड कथा केली.

त्याहून जुनी शाखा हनोखाच्या नांवावर मोडणाऱ्या ग्रंथांत आढळते. त्याचा सर्वांत जुना भाग ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास रचला गेला असावा. दोनशें देवदूत हर्मोन पर्वतावर उतरतात, मानवी स्त्रियांशीं विवाह करतात, माणसांना शस्त्रें घडविण्याची व अलंकार करण्याची विद्या शिकवितात, आणि त्यांच्यापासून राक्षसी संतति निपजते. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायांत ज्यांचा ओझरता उल्लेख आहे ते नेफीलीम हेच. हा ग्रंथ युरोपांत दीर्घकाळ लुप्त होता. इथिओपियाच्या चर्चनें मात्र तो आपल्या धर्मग्रंथांत जतन केला होता. जेम्स ब्रूस या प्रवाशानें १७७३ सालीं त्याच्या प्रती युरोपांत आणल्या, रिचर्ड लॉरेन्स यांचें इंग्रजी भाषांतर १८२१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि १९४७ पासून मृत समुद्राकांठच्या गुहांत जीं हस्तलिखितें सांपडूं लागलीं, त्यांत या ग्रंथाचे अरामी भाषेंतील तुकडेहि मिळाले.

या ग्रंथांतील एक गोष्ट प्रस्तुत विषयाला फार महत्त्वाची आहे. त्या राक्षसी संततीचा नाश करण्यासाठीं ईश्वर ज्या दूताला पाठवितो, तो दुसरा तिसरा कोणी नसून गब्रीएलच होय. त्यानें त्यांच्यांत आपसांत कलह लावावा आणि त्यांनीं एकमेकांना मारून संपावें, अशी आज्ञा होते. म्हणजे १९९८ च्या चित्रपटांत गब्रीएल नेफीलीम बालकाच्या जिवावर उठतो, हें कोणा पटकथाकाराच्या स्वैर लहरीचें फळ म्हणतां येत नाहीं. दोन हजार वर्षांहून जुन्या लेखांत त्याला आधार आहे. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, कीं हनोखाच्या ग्रंथांत गब्रीएल आज्ञेनें मारतो, चित्रपटांत तो मत्सरानें मारावयास निघतो.

या मत्सराची कथाहि जुनीच आहे. 'आदाम आणि हव्वा यांचें चरित्र' या प्राचीन ग्रंथांत सैतान स्वतः आदामाला आपल्या पतनाचें कारण सांगतो. ईश्वराची प्रतिमा म्हणून आदामाला वंदन करावें, असें मीखाएलानें सर्व दूतांना बजावलें. तेव्हां आपण आधीं जन्मलों, मागाहून झालेल्यापुढें कां वांकावें, असें म्हणून त्यानें नकार दिला. कुराणांतहि इब्लीस आदामापुढें नमत नाहीं. आपण अग्नीपासून झालों, हा मातीपासून झाला, हें त्याचें कारण. दोन्ही ठिकाणीं भांडण राज्यासाठीं नाहीं, धनासाठीं नाहीं. वडील भावाला धाकट्याचें कौतुक सहन न व्हावें, अशा जातीचें तें आहे. घरांत पाहुण्यासारखा मागाहून आलेला मनुष्य ईश्वराला इतका प्रिय कां, हा या सर्व कथांच्या तळाशीं असलेला प्रश्न होय.

चर्चनें या कथेला मर्यादा घातली ती १२१५ सालीं. लॅटरनच्या चौथ्या धर्मपरिषदेनें असें ठरविलें कीं, सैतान व इतर दुष्ट दूत हे ईश्वरानें निर्मिले तेव्हां चांगलेच होते. ते वाईट झाले ते आपल्याच कृतीनें. तत्त्व निश्चित झालें, पण कथा सांगणारांना पुष्कळ जागा मोकळी राहिली. अशा सांगणारांत मराठीचाहि एक कवि आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' १६१६ सालीं साष्टींतील रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें आणि १६४९ व १६५४ सालीं पुन्हां निघालें. त्याच्या पहिल्या पुराणांत, सृष्टीच्या आरंभींच्या कथाभागांत, देवदूतांच्या पतनाचें आख्यान येतें. म्हणजे मिल्टनचें महाकाव्य छापून निघण्यापूर्वीं अर्धें शतक ही कथा गोव्याच्या श्रोत्यांनीं मराठी ओवींत ऐकली होती.

जॉन मिल्टन याचें 'पॅरडाइज लॉस्ट' १६६७ सालीं प्रसिद्ध झालें. कवि तेव्हां पूर्ण आंधळा झाला होता. काव्याबद्दल प्रकाशकाकडून आरंभीं मिळाले ते पांच पौंड! त्या काव्याच्या सहाव्या सर्गांत प्रकटीकरणांतील तीन वचनांचा विस्तार तीन दिवसांच्या घनघोर युद्धांत झाला आहे. बंडखोर दूत तोफा बनवितात. त्यांना उत्तर म्हणून दुसऱ्या पक्षाचे दूत डोंगर उपटून फेंकतात. द्रव्याची अडचण कवीला नसते. शब्दांनीं वाटेल तेवढें सैन्य उभें करतां येतें. असें असूनहि या युद्धावर टीका झालीच. व्हॉल्टेअरनें १७५९ च्या 'कांदीद' या कादंबरींत एका व्हेनिसच्या सरदाराच्या तोंडून स्वर्गांतल्या तोफांची टर उडविली. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७७९ सालीं लिहिलेल्या मिल्टनच्या चरित्रांत अधिक विचारपूर्वक आक्षेप घेतला. देवदूत कधीं निराकार तर कधीं चिलखत घातलेले, असा गोंधळ त्या युद्धांत आहे. आणि म्हणूनच तो सर्ग मुलांना आवडतो व ज्ञान वाढेल तसा मागें पडतो, असा त्यांच्या म्हणण्याचा भावार्थ आहे.

जॉन्सनच्या आक्षेपाचें मर्म ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्यांना मरण नाहीं, ज्यांच्या जखमा आपोआप भरून येतात, आणि ज्यांच्या लढ्याचा निकाल सर्वसमर्थ ईश्वरानें आधींच ठरविलेला आहे, त्यांच्या युद्धाची धास्ती वाचकाला वाटावी कशी? १९९५ च्या चित्रपटानें या जुन्या अडचणीवर एक साधा तोडगा काढला. त्यांतील देवदूताचें काळीज उपटून काढलें म्हणजे तो मरतो. तोडगा ओबडधोबड खरा. पण त्यामुळें देवदूताच्या अंगीं भय आलें, आणि त्याच्या भयाबरोबर प्रेक्षकालाहि भय वाटूं लागलें. जी गोष्ट महाकवीला सर्व सामर्थ्यानिशीं साधली नाहीं, ती एका सामान्य भयपटानें थोड्याफार प्रमाणांत साधली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

उत्तरभागाचा अनुभव मिल्टनलाहि आला. १६६५ सालीं लंडनमध्यें प्लेगची सांथ पसरली असतां तो चॅल्फंट सेंट जाइल्स या खेड्यांत राहावयास गेला होता. तेथें त्यानें आपल्या काव्याचें हस्तलिखित थॉमस एलवुड या तरुण क्वेकर मित्राला वाचावयास दिलें. तें परत करतांना, गमावलेल्या नंदनवनाविषयीं इतकें सांगितलेंत, पण मिळालेल्या नंदनवनाचें काय, अशा आशयाचा प्रश्न एलवुडनें विचारला. पुढें १६७१ सालीं 'पॅरडाइज रीगेन्ड' प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याची प्रेरणा मिल्टननें याच प्रश्नाला दिली, असें एलवुडनें नमूद केलें आहे. या दुसऱ्या काव्याचे सर्ग चारच. त्यांत सैन्यें नाहींत, तोफा नाहींत. अरण्यांत सैतान येशूला मोह घालतो आणि येशू शब्दांनीं त्याला परतवितो, एवढेंच कथानक. वाचकांनीं तें पहिल्याहून पुष्कळ कमी दर्जाचें ठरविलें. आणि कवीचा भाचा एडवर्ड फिलिप्स लिहितो कीं, असें कोणी म्हटलेलें मिल्टनला शांतपणें ऐकवत नसे. मागणी वाचकाची, आणि नापसंतीहि वाचकाचीच!

आतां त्या चार मतांकडे पुन्हां वळावें. द्रव्याच्या उणीवेची तक्रार समजण्यासारखी आहे, परंतु इतिहास तिला फारसा पाठिंबा देत नाहीं. मूळ ग्रंथानें हें युद्ध तीन वचनांत उरकलें, तरी तें लोकांच्या मनांतून गेलें नाहीं; मिल्टननें त्यावर कल्पनेचें सारें भांडार रितें केलें, तरी तोच भाग टीकाकारांना सर्वांत दुबळा वाटला. मोडका कारखाना एदेन म्हणून दाखविणें ही काटकसर असेलहि. पण माणसानें गमावलेल्या बागेच्या जागीं माणसानेंच टाकून दिलेलें यंत्रांचें स्मशान उभें करणें ही कल्पना सर्वस्वीं टाकाऊ नाहीं. श्रद्धेच्या तक्रारीचेंहि तसेंच. लूकच्या शुभवर्तमानांतील सौम्य गब्रीएल भाविकाला प्रिय असणें योग्यच. परंतु त्याच दूताचें उग्र रूप हनोखाच्या ग्रंथांत आहे. चित्रपटाचा अपराध कांहीं असेल तर उग्रतेचा नव्हे, आज्ञेच्या ठिकाणीं मत्सर घातल्याचा आहे; आणि तो मत्सरहि दुसऱ्या एका प्राचीन कथेंतूनच आला आहे.

कथानकाविषयींची तक्रार मात्र पूर्ण न्याय्य मानावी लागते, आणि तिच्यांतच उत्तरभागाच्या अपयशाचें खरें कारण आहे. पहिल्या भागांत मारामारी थोडी होती आणि ईश्वरानें माणसाला जवळ कां केलें हा प्रश्न प्रत्येक प्रसंगांतून डोकावत होता. श्रद्धा हरवलेला नायक त्या प्रश्नाची मानवी बाजू मांडीत असे, आणि मत्सरी दूत स्वर्गीय बाजू मांडीत असे. दुसऱ्या भागांत प्रश्न मागें सरला आणि पाठलाग पुढें आला. मिल्टनच्या सहाव्या सर्गाविरुद्ध जॉन्सनची जी तक्रार, तिचीच ही धाकटी बहीण होय. लढाई कितीहि वाढविली तरी भांडणाचें कारण डोळ्यांआड झालें म्हणजे पाहणाराचें मन तिच्यांत रमत नाहीं.

उरलें चौथें मत. वॉकेनचा गब्रीएल लोकांना आवडला, तो केवळ नटाच्या कौशल्यामुळें नव्हे. माणसांना तुच्छ लेखणारा हा दूत माणसांनीं केलेल्या यंत्रांपुढें हतबल होतो. साधा संगणक चालविण्यासाठीं त्याला मरणाच्या दारांतून ओढून आणलेल्या एका मुलीचें साहाय्य घ्यावें लागतें. त्यावर प्रेक्षक हंसतो. पण त्या हंसण्यांत, मातीच्या माणसालाहि कांहीं येतें हें समाधान मिसळलेलें असतें. शेवटीं गब्रीएलला शिक्षा होते ती मृत्यूची नव्हे. मीखाएल त्याला मनुष्य करून पृथ्वीवर सोडून देतो. ज्या जातीचा त्यानें आयुष्यभर द्वेष केला तिच्यांतच त्यानें राहावें, भूक, थंडी व म्हातारपण भोगावें, हा तो न्याय. तिसऱ्या भागांत हाच मनुष्य झालेला गब्रीएल माणसांच्या बाजूनें उभा राहतो. शेंकडों मारामाऱ्यांनीं जें साधलें नाहीं तें या एका कल्पनेनें साधलें, कारण ती थेट त्या जुन्या भांडणाला भिडते.

प्रेक्षकांच्या मतांचा हा इतिहास चित्रपट काढणारांनीं व पाहणारांनीं दोघांनींहि ध्यानीं धरावा. सामान्य मनुष्य आपली नापसंती सांगतांना बहुधा हाताशीं येईल तें कारण पुढें करतो. पैसा कमी पडला, बाग कारखान्यांत दाखविली, गब्रीएल दुष्ट केला, असें तो म्हणतो. पण त्याच्या मनांतली रुखरुख निराळी असते. पंख नसलेला, आजारी पडणारा, मरणारा असा हा प्राणी देवदूतांनीं हेवा करावा इतका मोठा कशानें झाला, हें त्याला कोणीतरी सांगावयास हवें असतें. हर्मोन पर्वताची कथा ऐकणाराला तें हवें होतें, रायतूरच्या श्रोत्याला हवें होतें, मिल्टनच्या वाचकाला हवें होतें. आणि व्हिडिओची फीत लावून रात्रीं घरीं बसलेल्या प्रेक्षकालाहि तेंच हवें होतें. ज्या उत्तरभागानें तेवढें दिलें त्याला लोकांनीं पुष्कळ दोष क्षमा केले. आणि ज्यानें दिलें नाहीं, त्याच्या मोडक्या भिंतीहि त्यांनीं मोजून दाखविल्या.